कूलर लावायच्या आधी एकदा छतावर जाऊन या

मार्च सरत आला की आमच्याइकडे विदर्भात घरोघरी एकच काम सुरू होते, माळ्यावरचा नाहीतर गोठ्यातला कूलर बाहेर काढायचा, धुवायचा, गवत बदलायचं, पंपाला जरा ठोकून पाहायचं आणि खिडकीला लावून द्यायचा. मग जूनपर्यंत सगळं घर त्या एका कूलरच्या भरवशावर. आणि मे महिना आला की तोच माणूस म्हणते की कूलर काही कामाचाच नाही राहिला, रात्री दोन वाजेपर्यंत झोप नाही, बिल पाहिलं त डोळे पांढरे. मी पण हेच करत होतो बरेच वर्ष. मग एक उन्हाळा नीट ध्यान देऊन पाहिलं की घरात गरमी येते कुठून, आणि तेव्हापासून आमच्या घरातला क्रमच बदलला. आधी छत, मग पश्चिमेची भिंत, मग खिडक्या, आणि सगळ्यात शेवटी कूलर. हे असं का आणि कसं, तेच सविस्तर सांगतो, कारण यातलं बरंचसं सामान आपल्या गावात फुकट नाहीतर दोन-तीनशे रुपयात होऊन जाते.

आमच्या घराचं आधी सांगतो म्हणजे पुढचं समजेल. दोन खोल्या स्लॅबच्या, समोर ओसरीवर टिन, आणि मागं आजोबाच्या काळातली मातीच्या भिंतीची एक खोली, वर कवेलू, म्हणजे कौलं. एकाच आवारात तीन प्रकारचं छत. दुपारी बारा ते चार टिनाखाली उभं राहवत नाही, डोक्यावर कोणी निखारे धरले असं वाटते, पण दिवस बुडाला की अर्ध्या-पाऊण तासात टिन निवते. स्लॅबचं उलटं आहे. दुपारी दोनपर्यंत स्लॅबची खोली बरी वाटते आणि संध्याकाळी सहानंतर जी तापत जाते ती मध्यरात्रीपर्यंत. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि ते खालच्या बाजूला पोचायला त्याला तीन-चार तास लागतात, म्हणून बाहेर गार वारा सुटलेला असते तेव्हा आपण आतमध्ये भाजत असतो. आणि मागच्या मातीच्या खोलीत माय दुपारभर आरामात झोपते, तिला पंखा पण एकवर लागते. जाड मातीची भिंत गरमी आत यायला आठ-दहा तास लावते, तोपर्यंत रात्र होऊन जाते. सेवाग्रामला बापूकुटी पाहिली असेल तुम्ही, १९३६ च्या काळातलं ते बांधकाम, माती, बांबू आणि कवेलू, चहूकडून पडवी. भर मे महिन्यात दुपारी तिथं आत जाऊन बसा एकदा, मग मी काय म्हणतो ते कळेल.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य विदर्भाच्या एकदम डोक्यावर येते, नागपूरला २६ मेच्या आसपास शून्य सावली दिवस असते, खांबाची सावली खांबाच्या बुडातच राहते. आपला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, तो पण तेव्हाच, २५ मेपासून. म्हणजे ज्या दिवसांत ऊन सगळ्यात जास्त, त्याच दिवसांत ते सरळ छतावर पडते. दक्षिणेच्या भिंतीला त्या महिन्यात ऊन जवळजवळ नसतेच. पूर्वेच्या भिंतीला सकाळचं, तेव्हा हवा थंड असते म्हणून चालून जाते. पश्चिमेच्या भिंतीला मात्र तीन ते सहा, आधीच तापलेल्या हवेत अजून तिरपं ऊन. म्हणून पैसे थोडे असतील त फक्त छत आणि पश्चिम, बाकी सोडून द्या.

आपल्या घराचं पाहायचं असेल त साधी पद्धत. रात्री आठ वाजता स्टूलवर चढून छताला खालून हात लावा (पंखा बंद करूनच चढायचं), मग पश्चिमेच्या भिंतीला लावा, मग पूर्वेच्या. जिथं हात ठेववत नाही तिथून काम सुरू करायचं.

स्लॅब असेल त चुना

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम हेच आहे, आणि याच्यावरच लोक सगळ्यात कमी विश्वास ठेवतात. काळपट पडलेला जुना स्लॅब अंगावर पडणारं बहुतेक ऊन पिऊन टाकते, चांगला पांढरा केला त त्यातलं बरंचसं आल्या पावली परत जाते. अहमदाबादला २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा झाला, पुढं त्यांनी गरीब वस्त्यांतली छतं अशीच पांढरी करायला घेतली, म्हणजे हा काही घरगुती टोटका नाही.

करायचं कसं. मार्चमध्येच एखाद्या दिवशी स्लॅब खराट्यानं झाडून, शेवाळ आणि धूळ तारेच्या ब्रशनं घासून, पाण्यानं धुऊन कोरडा करायचा. धूळ राहिली की चुना पापुद्र्यासारखा निघते. भेगा असतील त सिमेंटनं आधी भरून घ्या, पावसाळ्याचं कामही त्यातच होऊन जाते. दहा बाय बाराच्या खोलीला पाच-सहा किलो चुना पुरतो, दोन हातांना. कळीचा चुना असेल त तो रात्री पाण्यात विरवायचा, आणि इथं जपायचं, कळीच्या चुन्यात पाणी गेलं की तो खदखदा उकळते, प्लास्टिकची बादली वितळू शकते. लोखंडी घमेल्यात किंवा जुन्या टिनाच्या डब्यात पाणी घ्या आणि त्यात थोडा थोडा चुना सोडा, उलटं करू नका. डोळ्यांवर चष्मा पाहिजे, फवारणीच्या वेळेस वापरतो तो चालते, आणि पोट्ट्यांना त्या दिवशी जवळ येऊ देऊ नका, चुन्याचा थेंब डोळ्यात गेला त डोळा जाऊ शकतो. गेलाच त भरपूर साध्या पाण्यानं धूत राहायचं आणि लगेच दवाखान्यात न्यायचं.

सकाळी कापडातून गाळून घ्या, पाव किलो फेविकॉल कोमट पाण्यात कालवून त्यात टाका म्हणजे हाताला लागणार नाही आणि पहिल्या पावसात निघून जाणार नाही. ताकापेक्षा थोडं घट्ट ठेवा. कुंच्यानं एक हात आडवा, तो वाळला की दुसरा हात उभा. काम सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी करा, भर उन्हात लावला की लावता लावताच वाळून भुकटी होते. दरवर्षी मार्चमध्ये एक हात द्यावा लागते, कारण धुळीनं पांढरेपणा जातो, आणि मधात कधी धूळ बसली त एकदा झाडू मारून द्या. पैसे असतील त बाजारात कूल रूफचा पांढरा पेंट मिळते, तो महाग पडते पण चार-पाच वर्षं टिकते. नसतील त चुना. चुन्यानंच आमच्या खोलीतला रात्रीचा तो भट्टीसारखा उकाडा गेला.

टिन असेल त सावली

टिनावर चुना टिकत नाही, वाऱ्यानं आणि हादऱ्यानं झडून जाते. तिथं प्रायमर मारून पांढरा ऑइलपेंट लावता येते, पण त्याहून चांगलं म्हणजे टिनाला ऊनच लागू द्यायचं नाही. आमच्याइकडे तुराटी आणि पऱ्हाटी, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळलेल्या काड्या, प्रत्येकाच्या घरी असते, तीच टिनावर पसरून देतात. ते चांगलं आहे पण दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे तुराटी सरळ टिनाला चिकटून नका टाकू, खाली आडवे बांबू टाकून चार बोटं जागा ठेवा, त्या फटीतून वारा वाहते आणि गरमी उडवून नेते, सगळा फरक त्या फटीचाच आहे. दुसरं म्हणजे आग. वाळलेली तुराटी म्हणजे बारूद, चुलीचं धुराडं, विजेची तार, लग्नातले फटाके यापासून लांब पाहिजे. जिथं चूल घरातच आहे तिथं मी तुराटी टाका म्हणणारच नाही, तिथं शेडनेट बांधा. आणि ढिगात विंचू-साप राहतात, म्हणून काढताना काठीनं आधी हलवून घ्यायचं.

शेडनेट ७५ टक्केवाली घ्या, छताच्या दीड-दोन फूट वर ताणून बांधा, स्लॅबवरही चालते. बांधताना हलगर्जी नको, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी जे वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटते त्यात अर्ध्या गावाच्या नेट उडून शेजारच्या निंबावर जातात. दर दोन फुटावर गाठ, आणि गाठ बांबूला मारायची, टिनाला नाही.

टिनाच्या खालून पण काम करता येते. बुरडाकडून बांबूचे तट्टे आणून टिनाच्या फूटभर खाली आडवे बांधायचे, शेणमातीनं वरून सारवले त अजून बरं. टिन आणि तट्टा याच्यामध्ये जी गरम हवा साचते ती निघून जायला दोन्ही टोकांना, अगदी वर, वीत-वीतभर जागा मोकळी सोडायची. ही जागा लोक बुजवून टाकतात, पाखरं येतात म्हणून. जाळी लावा पण बुजवू नका. तट्टे नाही मिळाले त सोयाबीनची रिकामी पोती उसवून, शिवून, ताणून बांधा. थर्माकोल मात्र लावू नका, कितीही स्वस्त मिळाला तरी, तो झटकन पेटते आणि त्याचा धूर जीव घेते.

पश्चिमेची भिंत आणि खिडक्या

पडदा आतून लावणे म्हणजे ऊन घरात घेऊन मग त्याला झाकणे. काचेतून आत आलं की ती गरमी घरातच राहिली. म्हणून अडवायचं ते बाहेरून, खिडकीच्या बाहेर तट्टा, बारदाना, जुनी साडी दुपदरी करून, काहीही, फक्त भिंतीपासून थोडं दूर टांगलेलं. वाळ्याची ताटी मिळाली त तिच्यासारखं काही नाही, दुपारी दोन-तीनदा पाणी मारलं की वारा थंड होऊन येते आणि वास तर विचारू नका. पश्चिमेला भिंतीपासून आठ-दहा फुटांवर मुनगा (शेवगा) लावा, दोन वर्षांत सावली देते आणि शेंगा वरून, फक्त त्याची फांदी ठिसूळ असते म्हणून टिनावर येऊ देऊ नका. कायमचं झाड म्हणाल त कडुनिंबच. तोपर्यंत दोडक्याचा नाहीतर वालाचा वेल दोरीवर चढवा, बाथरूमचं पाणी त्याच्या बुडात सोडा.

आता खिडक्या कधी उघड्या ठेवायच्या, याच्यावरून आमच्या घरात बरेच दिवस वाद होता. माय म्हणे दिवसभर बंद ठेवा, मला वाटे वारा येऊ द्या. मायचंच बरोबर निघालं. बाहेर ४४ अंशाची हवा असताना ती आत घेऊन काय करायचं? सकाळी नऊच्या आत सगळी खिडक्या-दारं लावून घ्यायची, अंधार झाला तरी चालेल, आणि संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार वाटली की सगळी उघडायची, समोरासमोरची, रात्रभर. पहाटे चार ते सहा हवा सगळ्यात थंड असते, त्या वेळेस एक टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावला की घरातली गरम हवा तो बाहेर फेकते आणि दुसऱ्या खिडकीतून थंड आत येते. भिंती थंड झाल्या की दुपारी बारापर्यंत काही लावावं लागत नाही. चोरीचा प्रश्न असेल त जाळीचं दार लावून घ्या, तो खर्च कामाचा आहे.

आता कूलर

आपला भाग कोरडा आहे हे आपलं नशीब. माठ जसा पाझरून थंड होते तसाच कूलर. एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी गरमी ओढून नेते, आणि मोठा लोखंडी कूलर दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पिते, म्हणजे हिशेब करा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगला कूलर बाहेरच्या हवेपेक्षा १२ ते १५ अंश थंड हवा देते, आणि वीज खाते साधारण २०० वॅट, म्हणजे पाच तासांत एक युनिट. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट. पण हे सगळं केव्हा? जेव्हा कूलर नीट बसवला असेल तेव्हा.

खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ती ओली हवा फिरवत राहते, अर्ध्या तासात सगळं चिपचिप. कूलर खिडकीच्या बाहेर पाहिजे, पाठ मोकळ्या हवेत, त्याच्यावर सावली पाहिजे, आणि ज्या खोलीत हवा येते त्या खोलीची समोरची खिडकी नाहीतर दार चार-सहा इंच उघडं पाहिजे. जितकी हवा आत आली तितकी बाहेर गेली तरच पुढची येईल. दार लावून कूलर चालवणं ही आपल्या भागातली सगळ्यात मोठी चूक आहे, दर दुसऱ्या घरात दिसते. गवत दरवर्षी नवीन, बोअरच्या पाण्याचा क्षार बसून ते कडक झालं की पाणी त्याच्यात शिरत नाही. वरच्या नळीची छिद्रं सुईनं मोकळी करा, कारण गवताचा एक पट्टा जरी कोरडा राहिला त तिथून सरळ गरम झळ येते. चालू करताना आधी पंप पाच-दहा मिनिटं, गवत भिजलं की मग पंखा. रात्री झोप लागली की स्पीड कमी करा.

आणि करंट. हे मी हात जोडून सांगतो. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरला चिकटून माणसं जातात, जास्त करून लहान लेकरं आणि पाणी टाकणाऱ्या बाया. आमच्या गल्लीतला एक पोरगा थोडक्यात वाचला, चप्पल पायात होती म्हणून. पाणी टाकायच्या आधी पिन काढायची, फक्त बटन बंद करून भागत नाही. तीन पिनचाच प्लग, आणि अर्थिंग खरंच जमिनीत गेली आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या, बोर्डात तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, हजार-दोन हजाराचं काम आहे, करंट गळला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. जुना कूलर अजून एक वर्ष वापरा पण हे आधी करा.

टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, घासून, वाळवून भरा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागते.

पाण्याची टंचाई असेल त कूलरला पाणी आणि छतावर शिंपायला पाणी, दोन्ही होत नाही. मग छतावर पाणी नका मारू, चुना आणि सावली करा, पाणी कूलरला ठेवा. पाणी बऱ्यापैकी असेल त संध्याकाळी सहानंतर स्लॅबवर भिजलेली पोती टाकायची, नुसतं पाणी ओतलं की ते वाहून जाते, पोत्यात राहिलं की दोन तास गरमी ओढत राहते.

बिलाचं

साधा छताचा पंखा ७५ वॅट खाते, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला त महिन्याला एका पंख्यामागं सोळा युनिट वाचतात. दोन पंखे बदलले की बत्तीस. घरगुती बिलात १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर बराच चढते, आणि मग ३०० ला, ५०० ला अजून. म्हणजे वाचलेले युनिट हे नेहमी वरच्या, महाग टप्प्यातले असतात, म्हणून पंख्याचे पैसे वाटते त्यापेक्षा लवकर निघतात. जुना पिवळा बल्ब असेल त आजच काढा, ६० वॅटचा बल्ब म्हणजे छोटी शेगडीच, प्रकाश नावाला. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. स्वयंपाक सकाळी आठच्या आत, डाळ-चणे रात्री भिजत घाला, आणि उन्हाळाभर चूल-शेगडी मागच्या अंगणात मांडवाखाली न्या, घरातली बरीच गरमी त्यानं जाते.

एसी असेल त २६ वर ठेवून सोबत पंखा एकवर लावा, एकेक अंश वर नेला की वीज साधारण सहा टक्के कमी लागते. सोलरचं पण सांगतो, पीएम सूर्यघर योजनेत २०२४ पासून एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० आणि तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, आणि स्लॅबवर स्टँडवर बसवलेली पॅनल म्हणजे छताला फुकटची सावली. जमत असेल त दोन्ही कामं एकात.

एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली असेल त नुसता पंखा अंगावर घेऊ नका, तो गरम झोत मारून अंग अजून सुकवते. ओला दुपट्टा अंगावर, मातीच्या खोलीत नाहीतर झाडाखाली बाज, आणि तहान लागली नसली तरी दर तासाला पाणी, ताक, पन्हं. अंग तापलं, माणूस बरळायला लागलं, त अंगावर पाणी टाकत टाकतच १०८ ला फोन लावायचा.

मृगाच्या आसपास हवेत ओल आली की कूलरचं पाणी काम करत नाही, उलट घाम वाढते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा आणि खिडक्या दिवसा पण उघडा. पहिला मोठा पाऊस यायच्या आधी छतावरची तुराटी आणि नेट उतरवून घ्या, नाहीतर पन्हाळ बुजून पाणी स्लॅबवर साचते. कूलर रिकामा करून, गवत फेकून, टाकी उन्हात वाळवून, आतून ग्रीसचा हात मारून मगच माळ्यावर चढवा.